एका गाडीची तीन वजनं

मंडळी, आपल्या इंदूरच्या छावणी मंडीबाहेर सोयाबीनच्या गाड्यांची रांग तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यात अडकून शिव्याही घातल्या असतील. त्या गाड्यांमागे जी संगणकांची रांग असते, तिचा मी हमाल. एका सॉफ्टवेअरमधला माल उचलायचा आणि दुसऱ्यात उतरवायचा, एवढंच माझं काम.

एखाद्या तेलगिरणीत तोलकाट्याचं सॉफ्टवेअर वेगळं, प्रयोगशाळेचं वेगळं. सौद्यांचं, गोदामाचं, ई-वे बिलाचं, बँकेचं आणि हिशेबाला टॅली. सात झाली. प्रत्येकाची प्रत्येकाशी थेट गाठ मारली तर 21 गाठी होतात आणि एक बदललं की सहा सुटतात. म्हणून मधे एक टपालघर बसवतात, सगळे तिथेच देतात-घेतात. हे काम पैसे मोजले की होतं. घोडं अडतं ते पुढे.

एक गाडी घ्या. काट्यावर निव्वळ वजन भरलं 25,000 किलो. सौदा '10-2-2'चा, म्हणजे ओलावा 10 टक्के, डागी दाणा 2, कचरा 2. प्रयोगशाळेत ओलावा निघाला 12. टक्क्याला टक्का कापायचं ठरलेलं, म्हणून 500 किलो कापले. आता टॅलीत 24,500, गोदामात 25,000 आणि सौद्यात नुसतं 'एक गाडी'. तिन्ही खरं! पुढे माल वाळवून ओलावा 10 वर आणला की उरतात साधारण 24,444 किलो. पाणी गेलं की उरलेल्या वजनावर टक्का बदलतो, हा शाळेतला हिशेब. पण एका ठिकाणी महिनाअखेरीस हीच घट दिसली आणि चार दिवस सगळे गोदामवाल्याकडे चोर असल्यासारखे बघत होते. बिचारा हवेत उडालेल्या पाण्याचा हिशेब देत बसला होता. तेव्हापासून मी संदेशात नुसतं 'वजन' लिहू देत नाही. काट्याचं वजन, देय वजन, वाळलेलं वजन अशी तीन वेगळी नावं.

भावाचंही तेच. आपल्याकडे सोयातेल दहा किलोला रुपयांत बोललं जातं, शिकागोला पौंडाला सेंटमध्ये, मलेशियात पामतेल टनाला रिंगिटमध्ये. भावासोबत एकक आणि चलन पाठवलं नाही, तर पलीकडचा 50 या आकड्याचं काय करणार? पौंडाला 50 सेंट म्हणजे टनाला सुमारे 1,102 डॉलर.

पार्टीच्या नावाची गंमत तर विचारूच नका. एकच आढत्या एकीकडे 'ट्रेडर्स', दुसरीकडे 'ट्रेडिंग कं.' आणि तिसरीकडे नुसता 'उज्जैनवाले भिया'. जीएसटीचा 15 अक्षरी क्रमांक इथे उपयोगी पडतो. पहिले दोन अंक राज्याचे, आपल्याकडे 23, महाराष्ट्रात 27. पुढची दहा अक्षरं पॅनची. म्हणजे एकाच पार्टीला दोन राज्यांत दोन क्रमांक असले तरी पॅन एकच. उधारीची मर्यादा पॅनवर बांधायची, बिल पूर्ण क्रमांकावर.

आता माझी स्वतःची फजिती. सोयाबीनच्या हंगामात एका रात्री नेट येत-जात होतं. काट्यावरून पर्ची निघाली, टपालघराला मिळाली, पण 'मिळाली' हा उलट निरोप वाटेतच मेला. काट्याच्या संगणकाने तीच पर्ची पुन्हा पाठवली. असं रात्रभर चाललं आणि सकाळी पडद्यावर अकरा गाड्या जास्त. सौदे करणाऱ्यांनी त्या भरवशावर डीओसी, म्हणजे तेल काढल्यावर उरणारी पेंड, विकून टाकली. जी सोयाबीन आलीच नाही, तिची पेंड! बाजारातून चढ्या भावाने माल उचलून ती वेळ निभावली. बोलणी मी खाल्ली आणि ती रास्तच होती. पर्चीचा नंबर संदेशात होता, पण तो आधी आला आहे का हे पलीकडे तपासायचं मी लिहिलंच नव्हतं. लग्नात आहेर लिहिणारी मावशीसुद्धा वहीत नाव पाहून विचारते, "अहो, तुमचं पाकीट मघाशीच आलं ना?" माझ्या प्रोग्रॅमला तेवढी अक्कल नव्हती.

दुसऱ्या दिवशी काट्यावर गेलो. तिथला पोरगा म्हणाला, "साहेब, मशीननं पाठवलं असेल, पण मीपण दोनदा दाबलं. काही दिसतच नव्हतं." त्याचं बरोबर होतं. आता पर्ची पोहोचली की त्याच्या पडद्यावर हिरवी पट्टी येते आणि तोच नंबर पुन्हा आला तर टपालघर तो बाजूला ठेवतं. बटण मात्र तो अजून तीनदा दाबतो.