काच होते, पण धुराचं काय?

(दृश्य: पहाट. द्राक्षबागांवर धुकं, मागे एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची चिमणी.)

चिमणी म्हटलं की नाशिककराला एकलहरं आठवतं. कोळसा जळतो, राख धुराबरोबर वर निघते, आणि वाटेत विजेने भारलेल्या पत्र्यांना चिकटते. पत्रे ठोकले की खाली पडते. एवढं ध्यानात असू द्या, कारण आजची गोष्ट अणुकचऱ्याची काच करताना निघणाऱ्या धुराची आहे.

(दृश्य: घाटरस्ता.)

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत खाली उतरलं की पालघर जिल्हा, आणि किनाऱ्याला तारापूर. अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून युरेनियम, प्लुटोनियम काढून घेतलं की मागे जहाल किरणोत्सारी द्रव उरतो. इथे तो काचेच्या कच्च्या मालात मिसळून साधारण हजार अंश सेल्सिअसला वितळवतात. ही बोरोसिलिकेट काच, म्हणजे प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राचीच जात.

लालबुंद काच डब्यात ओतली जाते, ते दृश्य देखणंच असतं. पण खरी कसरत भट्टीच्या वरच्या नळीत चालते.

द्रव उकळला की वाफ निघते, आम्लाचा तपकिरी वायू निघतो, बारीक धूळ उडते. त्यांच्याबरोबर त्या द्रवातलीच दोन पळपुटी मूलद्रव्यं: सीझियम आणि रुथेनियम. सीझियम-१३७ निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात, आपल्या हिशेबाने अडीच सिंहस्थ! त्याची त्या उष्णतेत वाफ होते. रुथेनियमचं वेगळंच. आम्लाच्या संगतीत ते वायू होऊन निसटतं आणि पुढे नळीत काळं पुट धरून बसतं.

म्हणून काही देशांत मिश्रणात चक्क साखर घालतात. निफाडच्या ऊसवाल्यांनी हसू नये. साखर आम्लातल्या नायट्रेटचा जोर मोडते, मग रुथेनियमलाही उडायला बळ उरत नाही. शिवाय तारापूरच्या भट्टीत वितळलेल्या काचेतूनच वीज खेळवतात. तसल्या भट्टीत वर न वितळलेल्या मालाचा थर राहतो. दुधावर साय धरावी तसा. सीझियम बरंचसं त्या सायीखालीच अडतं.

(दृश्य: रेखाटन. नळ्या, टाक्या, गाळण्या.)

तरी जे सुटतं, त्याला आधी थंड करतात, मग पाण्याने धुतात. काही ठिकाणी पुढे एकलहऱ्याचीच युक्ती, फक्त ओली: विजेने भारलेले थेंब पकडायचे. शेवटी अतिसूक्ष्म गाळण्या, ०.३ मायक्रॉनचे १०,००० कण आले तर जेमतेम तीन सोडणाऱ्या. त्या भिजल्या की कामातून गेल्या, म्हणून नुकताच गार केलेला वायू पुन्हा थोडा तापवायचा. आणि या सगळ्या वाटेवर दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवलेला. कुठे भेग पडलीच तर हवा आत ओढली जावी.

धुतलेलं पाणी टाकून देता येत नाही. ते आटवतात, आणि आटून उरलेला ऐवज पुन्हा भट्टीत घालता येतो. गाळण्या भरल्या की त्याही कचऱ्यातच जमा.

(दृश्य: उंच चिमणी, निरभ्र आकाश.)

उरलेली हवा या चिमणीतून जाते. धूर दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांनी पारखता येत नाही. नळीत बसवलेलं मोजणीयंत्र ती अखंड तपासत असतं.