दात शोधा आधी!

नमस्कार, श्रोतेहो. खेळताना तोंडाला, जबड्याला लागलं तर पहिल्या तासात काय करायचं, ते आज सांगायचंय. पण आधी एक किस्सा. तो सांगितल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही.

वाईजवळच्या एका गावची जत्रा. रात्रीची कबड्डी, मातीचं मैदान, हॅलोजनचा उजेड. मी दातांचा डॉक्टर, पण त्या रात्री नुसता प्रेक्षक, हातात भडंगाचा पुडा. (मॅटवरच्या कबड्डीला मातीची सर नाही, हे माझं मत कुणी विचारत नाही, तरी मी सांगतोच.) सतरा वर्षांचा पोरगा चढाईला आला, बोनस मारून वळला, तेवढ्यात कोपऱ्यातल्या गड्यानं त्याचा घोटा धरला. दुसरा वरून आला आणि त्याचा गुडघा थेट पोराच्या तोंडावर. पोरगा उठला तो तोंड दाबून. वरचा पुढचा दात नाही, हिरडीत नुसती रक्तानं भरलेली खोबण.

मग सल्ले सुरू. एकानं हळद आणली. दुसरा म्हणाला, मिश्री दाबा. पोराची आजी म्हणाली, "दातच तो, गेला तर गेला, टाका कौलावर." तिचा दोष नाही हो. दुधाचा दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकायचा, हेच आपण लहानपणापासून बघितलेलं.

मी ओरडलो, "दात शोधा आधी!" समालोचक शहाणा निघाला. माइकवरून म्हणाला, "मंडळी, पाय हलवू नका, दात शोधायचाय." अख्खं गाव मोबाइलची बॅटरी लावून ओणवं! शेवटी मध्यरेषेजवळ सापडला, मातीनं माखलेला. ज्याला सापडला तो शर्टाला पुसायला निघाला, तेव्हा मी त्याचा हातच धरला. कारण दाताच्या मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो. त्याच्याच जोरावर दात पुन्हा धरतो. तो थर पुसला किंवा वाळला, की दात तग धरत नाही.

चहाच्या गाडीवर पळालो. चहावाला म्हणाला, "डॉक्टर, दूध चांगलं उकळलंय." म्हटलं, उकळलेलं नको बाबा, पिशवीतलं गार दे. (चहाही हे लोक फार उकळतात, पण असो.) दुधात दात दोन-चार सेकंद हलवला, माती निघाली, खोबणीत सरळ बसवला आणि पोराला घडी केलेला रुमाल चावून धरायला सांगितलं. वीसेक मिनिटांत काम झालं. मग मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेला, शेजारच्या दातांना तारेनं बांधला. दोन आठवडे तार, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि पुढे रूट कॅनल.

आता एवढंच लक्षात ठेवा. दात पांढऱ्या बाजूनं धरायचा, मुळाला हात नाही. परत सांगतो, मुळाला हात नाही. जागेवर बसवता आला तर तिथंच बसवा. नाही जमलं, तर गार दुधात ठेवा. दूध नसेल तर भांड्यात पोराचीच लाळ घेऊन तीत ठेवा, पण साध्या पाण्यात ठेवू नका आणि रुमालात गुंडाळून खिशात तर मुळीच नको. कोरडा दात तासाभरात हातचा जातो. आणि हो, दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. दात सापडलाच नाही तर डॉक्टरांना सांगा, श्वासनलिकेत गेला असू शकतो.

नाकातून रक्त आलं तर मान मागे नाही, पुढे झुकवायची, आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा. तोंड मिटल्यावर दात नेहमीसारखे जुळत नसतील तर जबडा मोडल्याचं समजा. डोळ्यांसमोर एकाचे दोन दिसले, नाकातून पाण्यासारखं पातळ यायला लागलं किंवा खेळाडूची शुद्ध हरपली, तर डाव राहू द्या, मोठं रुग्णालय गाठा.

2002 मध्ये अँटिग्वाच्या कसोटीत अनिल कुंबळे मोडलेला जबडा पट्टीनं बांधून गोलंदाजीला उतरले आणि लाराला पायचीत केलं. ते आठवलं की अंगावर काटा येतो. पण आमच्या तालुक्यातली पोरं तेच करायला गेली की मला राग येतो.

असो. त्या पोराचा दात आजही जागेवर आहे, थोडा काळवंडलाय इतकंच. चहावाल्यानं दुधाचे पैसे अजून घेतलेले नाहीत. पोरगा गाडीवर दिसला की तो गिऱ्हाइकांना सांगतो, "ह्याचा हा दात दुधाचाच हाय, माझ्या दुधाचा."