खोलीत तिसरं कुणी नाही

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय बायकांनी केलेल्या डायरी-फिल्म्स. म्हणजे आपलं घर, अंथरूण, ओटा, मांजर, जे रोजचं आहे ते बाईने स्वतःच्या कॅमेऱ्याने टिपायचं. व्याख्या एवढी पुरे, किस्सा ऐका.

अमेरिकेत कॅरोली श्नीमन नावाची चित्रकार होती. स्टॅन ब्रॅकेज या मित्राच्या छोट्या फिल्म्समध्ये ती आणि तिचा जोडीदार, संगीतकार जेम्स टेनी, दिसले होते. पण पडद्यावरची ती बाई तिला आपली वाटेना. मग 1964 मध्ये तिने दोघांचं प्रेमजीवन स्वतःच चित्रित करायला घेतलं. फिल्मचं नाव ‘फ्यूजेस’. अट एकच: खोलीत तिसरं कुणी नाही. कॅमेरामन नाही, दिवे धरणारा नाही. कुणीच नाही.

कॅमेरा होता उसना आणलेला बोलेक्स, चावीचा. जुन्या गजराच्या घड्याळात असते तशी स्प्रिंग. पूर्ण चावी दिली की साधारण 28 सेकंद चालतो आणि खटकन थांबतो. कॅमेरा कधी खुर्चीवर, कधी वर दिव्याला टांगलेला. आता करा कल्पना! प्रणय रंगात आलाय, आणि उठा, चावी द्या. परत 28 सेकंद. परत उठा. हे चाललं 1967 पर्यंत.

एवढ्यावर बाई थांबली नाही. चित्रकारच ती. फिल्मच्या पट्टीवर तिने रंग लावला, ओरखडे काढले, ॲसिड वापरलं, ओव्हनमध्ये भाजली, उन्हापावसात टांगली, वर तुकड्यांवर तुकडे चिकटवले. थर इतके चढले की लॅबच्या मशीनमधून पट्टी सरकेना. सारण जास्त झालं की करंजी मिटत नाही, तसं.

आणि हो, तिसरं कुणी नाही म्हटलं, पण एक होती. किच, तिची मांजरी. फिल्मभर ती खिडकीशी बसून बघत असते. ती लाजत नाही, नाकही मुरडत नाही. याच किचच्या म्हातारपणी, 1973 पासून, श्नीमनने तिची जेवणं सुपर एटवर, म्हणजे घरगुती कॅमेऱ्याच्या छोट्या फिल्मवर, टिपायला घेतली. मांजरी जिवंत असेपर्यंत टिपायचं, बस्स. 1976 मध्ये किच गेली, चित्रीकरण थांबलं. ती फिल्म दोन प्रोजेक्टर लावून, एका चित्राखाली दुसरं चित्र अशी दाखवतात.

आता सदाशिव पेठेतला वाडा असो की वाकडचा टू बीएचके, हे फोनवर जमतं. रोज एकच शॉट, 28 सेकंदांचा. पुन्हा सांगते, 28 सेकंद, जास्त नाही. वर्षाची साधारण 170 मिनिटं होतात, तेवढी बघून कापता येतात. रोज तासभर घ्याल तर तुम्हीही बघणार नाही.

फोन डब्याला टेकवून ठेवा, हातात नको. शेगडीपासून चार हात लांब. फोडणीचा तेलकट धूर काचेवर बसला की सगळं धुक्यात जातं. खिडकी पाठीशी असेल तर चेहरा काळा पडतो, म्हणून कॅमेरा खिडकीच्या बाजूला ठेवा. स्क्रीनवर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की उजेड लॉक होतो, नाहीतर कुणी मधून गेलं की चित्र उजळतं-मंदावतं. ट्यूबलाइटखाली पट्टे फिरताना दिसले तर सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 25 चित्रं, आणि शटर एक पन्नासांश सेकंद. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, म्हणून. आवाज कुकरच्या शिट्टीसकट राहू दे. बासरीचं पार्श्वसंगीत कृपा करून लावू नका, बासरीने आपल्याकडे फार सोसलंय.

सासूबाई फ्रेममध्ये येणार असतील तर आधी विचारा, आणि झाल्यावर त्यांना दाखवा. नको म्हणाल्या तर त्यांच्यासमोरच पुसा.

आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. नाहीतर सत्ताविसाव्या सेकंदाला सिलिंडरवाल्याचा फोन येतो, रेकॉर्डिंग तुटतं.