सेन्सर सुस्त, की मॅनिफोल्ड फुकतंय?

(चिपळूणच्या आसपासच्या गॅरेजवाल्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनर लावला, पी ०१३३ कोड आला की आपण काय करतो? पुढचा, म्हणजे इंजिनकडचा, ऑक्सिजन सेन्सर स्लो झालाय म्हणून गिऱ्हाइकाला लगेच सांगतो, सेन्सर गेला, नवीन टाकूया. तो बिचारा पैसे भरतो आणि थोड्या दिवसांनी तोच दिवा पेटवून परत दारात. हे थांबलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी सेन्सर करतो काय ते बघा. सायलेन्सरच्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते बाहेरच्या हवेशी ताडून तो व्होल्टेज देतो, मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, लीन (हवा जास्त) असेल तर ०.१, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ते बघून पेट्रोल कमीजास्त करत राहतो, म्हणून गरम इंजिनवर स्कॅनरमधली या व्होल्टेजची रेघ सारखी वरखाली नाचली पाहिजे. गाडी २५०० आरपीएमला धरा, १० सेकंदांत ०.४५ ची रेघ साधारण आठेक वेळा ओलांडली तर ठीक. पण स्वस्तातला स्कॅनर एकदम दहा रीडिंग दाखवायला घेतली की स्वतःच स्लो होतो, आणि आपण दोष सेन्सरला देतो, तेव्हा स्क्रीनवर फक्त ते एकच रीडिंग ठेवा. आणि हो, बऱ्याच नव्या गाड्यांत पुढे एअर-फ्युएल सेन्सर असतो, तो असा नाचत नाही, त्याला हा हिशोब लावू नका.

आता आपल्याकडचा खरा चोर. खारी हवा, चार महिने पाऊस, मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांचे, नट-बोल्ट आणि फ्लँज (जोडाच्या कडा) गंजून जातात. सेन्सरच्या आधी कुठे बारीक फुकत असेल तर धुराच्या दोन झटक्यांमधे बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि रीडिंग बिघडतं. गाडी थंड असताना स्टार्ट करून कान द्या, गरम झाल्यावर लोखंड फुगून फट बुजते आणि टिक-टिक गायब होते. फ्लँजपाशी काजळीचा काळा पट्टा दिसला तर समजा सापडलं. नाहीतर इंजिन बंद आणि थंड असताना सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरने हलकी हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे येतील तिथे लीक.

मग सेन्सरला गरम ठेवणारा त्याच्या आतला हीटर. फ्यूज बघा, कपलरवर (वायरींच्या जोडावर) १२ व्होल्ट येतायत का बघा. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा पाण्यात बुडालेल्या कित्येक गाड्या अजून रस्त्यावर आहेत, त्यांच्या कपलरमधला हिरवा गंज आधी शोधा. पण कपलरमधे ग्रीस भरू नका आणि वायर तुटली तर शोल्डरिंग करू नका, कारण बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या वायरच्या तारांमधूनच आत जाते. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी दोनदा सांगतो, शोल्डरिंग नको.

सगळं तपासूनही रेघ जर मंदच राहिली तर सेन्सर काढा आणि टोक बघा. पांढरट थर म्हणजे बऱ्याचदा हेडकव्हरला लावलेल्या सिलिकॉनची वाफ, नाहीतर कूलंट जळतंय. काळी काजळी म्हणजे मिक्श्चर रिच, आधी ते का ते शोधा, नाहीतर नवाही तसाच होणार. काढताना आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, इंजिन कोमट असताना २२ नंबरच्या फटवाल्या सॉकेटने सोडवा, जोर केला तर आटे घेऊनच बाहेर येईल. नव्याच्या आट्यांवर पेस्ट आधीच लावलेली असते बहुतेक वेळा, टोकाला हात लावू नका.

मग कोड क्लिअर करून परशुराम घाटातून एक फेरी मारून या, गरम गाडीवर तोच ग्राफ परत बघा, आणि गिऱ्हाइकालाही शेजारी उभं करून दाखवा.