येळवशीचं बोलावणं

मंडळी, माझ्या मैत्रिणीच्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो तीन वर्षांचा होता. त्याच संध्याकाळी तिनं मला फोन केला. मी लगेच म्हणाले, "काही नसतं गं. आमचे धाकटे दीर पाच वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते." मला वाटलं, मी धीर दिला. ती गप्प झाली आणि नंतर तीन महिने तिचा फोन नाही. पुढं कधीतरी म्हणाली, "त्या दिवशी मला फक्त रडायचं होतं. तू तर मलाच खोटं पाडलंस."

ते मला अजून टोचतं.

घरात तिला काय काय ऐकावं लागत होतं! ग्रहण पाळलं नाही, तुळजापूरचा नवस राहिला, मोबाईल हातात दिला. शिकलेलेही मागं नाहीत. विसाव्या शतकात कित्येक डॉक्टर म्हणत, आईच्या मायेत ओलावा नसतो म्हणून मूल असं होतं. ते साफ चुकीचं ठरलं. मेंदूची घडणच वेगळी असते, ती जन्माच्या आधीपासून, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. लसीमुळं स्वमग्नता होते, हेही तसंच चुकीचं. 1998 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला, तसं सुचवणारा लेख 2010 साली मागं घेतला गेला. हे सगळं आईनं किती जणांना समजावायचं? चार बायकांत विषय निघाला की मैत्रिणीनं बोलावं. तेवढ्यानं तिचा अर्धा भार हलका होतो.

कागदपत्रांचंही सांगते. 2016 च्या दिव्यांग कायद्यात स्वमग्नता आहे. 1995 च्या कायद्यात ती नव्हती. दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, 'निरामय' योजनेचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, हे मिळू शकतं. पण त्यासाठी झेरॉक्स काढा, रांगेत थांबा, आणि रांगेत मूल कानावर हात ठेवून ओरडायला लागलं की लोकांच्या नजरा झेला. मी तिच्याबरोबर जायला लागले. ती मुलाला बाहेर झाडाखाली नेई, मी नंबर धरून उभी राही.

आता येळवशीचं. आपल्या लातूर-धाराशिवकडं येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात पूजा करून सगळे मिळून जेवतात; त्याचं बोलावणं आलं नाही, तर माणसाला ते किती लागतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. एक वर्ष मी तिला बोलावलं नव्हतं. गर्दीत पोराला त्रास होईल, असं मीच ठरवून मोकळी झाले. पुढच्या वर्षी आधी विचारलं, "त्याला काय चालतं, काय चालत नाही?" ती म्हणाली, "एकदम आरोळी नको. कुणी गाल ओढू नये. जेवायचं त्याचं मी घेऊन येते."

एवढंच होतं.

आम्ही कोपीपासून, म्हणजे पूजेसाठी शेतात केलेल्या कडब्याच्या खोपटीपासून लांब, बांधावर घोंगडी अंथरली. पोरांना सांगून ठेवलं, आरोळ्या तिकडं द्या. तो ज्वारीच्या ताटांशी बसला आणि ओंजळीत माती घेऊन बोटांतून सोडत राहिला, पुन्हा पुन्हा, तासभर. माझी लेक काही न बोलता शेजारी बसून तसंच करायला लागली. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही, पण सरकूनही बसला नाही.

मैत्रीण माझ्याजवळ जेवायला बसली. भज्जी, उंडे, सगळं सावकाश खाल्लं. एरवी उभ्या उभ्या चार घास खाणारी बाई, त्या दिवशी तिनं आंबील दुसऱ्यांदा मागून घेतली.