जोडलेली अन्ननलिका आणि गुलाबी पेशी

काही बाळांची अन्ननलिका जन्मतःच मध्ये खंडित असते आणि तिचे खालचे टोक बहुधा श्वासनलिकेला जोडलेले असते. अडीच ते चार हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. १९४१ साली अमेरिकेतील ॲन आर्बर येथे कॅमेरॉन हेट यांनी एकाच शस्त्रक्रियेत ही दोन टोके जोडून असे बाळ वाचवले. त्याआधी अशी बाळे सहसा दगावत. आज ती जगतात, शाळेत जातात, आणि त्यामुळेच पूर्वी कोणाला पडण्याची शक्यता नव्हती असा प्रश्न आपल्यापुढे आला आहे: उत्तम जोडकाम झालेल्या मुलाचा घास पाच-सात वर्षांनंतर पुन्हा का अडकू लागतो?

या प्रश्नाची तीन उत्तरे डॉक्टरांच्या जिभेवर तयार असतात. जोडाच्या जागी व्रण आकसून नळी अरुंद झाली असेल; अन्ननलिकेची हालचाल मुळातच दुबळी असेल; किंवा जठरातले आम्ल वर येत असेल. तिन्ही उत्तरे या मुलांच्या बाबतीत इतक्या वेळा खरी ठरतात, की चौथ्या शक्यतेकडे लक्षच जात नाही. मी स्वतःही एकेकाळी फुग्याने जोड रुंद करून मूल घरी पाठवत असे आणि ते पुन्हा आले की पुन्हा रुंद करत असे.

ही चौथी शक्यता म्हणजे अन्ननलिकेचा इओसिनोफिलिक दाह. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींना १८७९ साली पॉल एर्लिख यांनी इओसिन या रंगद्रव्यावरून ओळखले. त्या रंगाचे नाव ग्रीकांच्या उषादेवीवरून आलेले आहे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींतले कण खरोखरच पहाटेच्या आभाळासारखे गुलाबी दिसतात. जठरात आणि आतड्यात त्या थोड्याफार असणे स्वाभाविक आहे. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात मात्र त्या नसतात. तिथे सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखालील एका क्षेत्रात १५ किंवा अधिक पेशी दिसल्या, सोबत गिळण्याची तक्रार असली आणि अन्य कारण सापडले नाही, तर हे निदान होते. स्वतंत्र आजार म्हणून त्याची ओळख १९९०च्या दशकातली. हा बहुतांशी अन्नातील प्रथिनांविरुद्धचा ॲलर्जीचा दाह आहे, आणि दुर्लक्ष झाल्यास तो स्वतःच नळी अरुंद करतो. म्हणजे ज्या आकुंचनाचा दोष आपण टाक्यांना देत होतो, त्यात याचाही वाटा असू शकतो.

२०१४ साली सिडनीहून प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जोडलेल्या अन्ननलिकेच्या १०३ मुलांपैकी १८ जणांना हा दाह आढळला. सर्वसाधारण मुलांच्या मानाने हे प्रमाण कितीतरी अधिक आहे. कारणांबाबत तर्क आहेत, निर्णय नाही: या मुलांना दीर्घकाळ दिलेल्या आम्लरोधक औषधांमुळे प्रथिने नीट पचत नसतील, आम्लाने दुखावलेल्या अस्तरातून ती आत शिरत असतील, किंवा दोन्ही दोषांचे मूळ जनुकांत कुठेतरी जवळ असेल.

निदानासाठी दुर्बिणीतून नुसते पाहणे पुरत नाही. उभ्या चिरा किंवा पांढरे ठिपके दिसले तर उत्तम, पण अस्तर वरून स्वच्छ दिसूनही दाह असू शकतो, शिवाय तो सलग नसतो. म्हणून वेगवेगळ्या उंचीवरून किमान सहा तुकडे घ्यावे लागतात. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील बालपोटविकारतज्ज्ञांनी २०१६च्या मार्गदर्शनात सांगितले, की औषधांना न जुमानणारी आम्लाची तक्रार किंवा वारंवार होणारे आकुंचन असेल, तर आम्ल रोखण्याची शस्त्रक्रिया ठरवण्यापूर्वी हा आजार नाही याची खात्री करावी. या क्रमाला मी फार महत्त्व देतो. त्या शस्त्रक्रियेत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. आधीच दुबळी असलेली नळी त्या अडथळ्यातून घास पुढे ढकलू शकली नाही आणि मूळ दुखणे ॲलर्जीचे निघाले, तर मुलाच्या पदरी दुहेरी नुकसान येते.

उपचारांत काही मुलांना आम्लरोधक औषधेच पुरतात. इतरांना ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड दाट मिश्रण करून गिळायला देतात. वर्षाच्या आतील बाळासाठी मात्र त्यात मध वापरू नये. औषध घेतल्यावर अर्धा तास खाणेपिणे बंद, कारण ते अस्तराला चिकटून राहायला हवे. तिसरा मार्ग पथ्याचा, आणि त्यात बहुधा दुधापासून सुरुवात होते. दूध बंद म्हणजे पेल्यातले दूध बंद, एवढेच आईवडील समजतात. दही, ताक, पनीर, पेढा आणि बिस्किटातली दुधाची भुकटी त्यांना नावे घेऊन सांगावी लागते. डुपिलुमॅब हे इंजेक्शन २०२४पासून अमेरिकेत एक वर्षावरील, किमान १५ किलो वजनाच्या मुलांसाठी मान्य झाले आहे.

उपचार लागू पडला का, हे पुन्हा तुकडे तपासूनच कळते, कारण ही मुले तक्रार करत नाहीत. ती पोळीची कड काढून टाकतात, घासागणिक पाणी पितात, पंगतीत शेवटी उठतात, आणि विचारले तर म्हणतात, मला काही त्रास नाही. तेव्हा ‘गिळताना दुखते का?’ असे न विचारता, अर्धी भाकरी संपायला किती वेळ लागतो आणि तेवढ्यात किती पेले पाणी लागते, हे घरच्यांना विचारावे.