हिरवं पाणी, पण कुणाच्या पोटाचं?

[दृश्य: उत्तर अरबी समुद्राचं उपग्रहचित्र]

जानेवारी सरता सरता उत्तर अरबी समुद्राची उपग्रहचित्रं पाहिली, की ओमानच्या किनाऱ्यापासून भारताच्या दिशेने हिरवी वेटोळी पसरलेली दिसतात. हिरवा रंग म्हणजे वनस्पती प्लवक, पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवालं, आणि वनस्पती प्लवक भरपूर म्हणजे मासळीची चंगळ. समुद्राचा हिशेब आजवर असाच मांडला गेलाय.

या पाण्याचा एक थेंब जवळून पाहू.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालचा थेंब]

हा पारदर्शक गोळा म्हणजे एकच पेशी. नाव नॉक्टिल्युका. आकार जेमतेम मिलिमीटरभर, म्हणजे नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्यासारखा दिसेल. बाजूला वळवळणारी ही सोंड चिकट आहे. तिला डायटम नावाची सूक्ष्म शैवालं चिकटतात, इतर प्लवक चिकटतात, माशांची अंडीसुद्धा. सगळं आत ओढून पचवलं जातं. हा सरळसरळ शिकारी.

आता गोळ्याच्या आत पाहा. हे हिरवे कण हलताहेत. ती जिवंत शैवालं आहेत, एकेका पेशीत हजारोंनी, आतल्या आत पोहणारी. ऊन मिळालं की ती प्रकाशसंश्लेषण करतात आणि त्यातून यजमानाचंही पोट भरतं. शिकार मिळाली नाही, तरी उन्हाच्या जोरावर तो बराच काळ तग धरतो. कोकणात रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटांमागे बहुतेकदा नॉक्टिल्युकाच असतो. त्याचा एक लाल प्रकारही आहे. त्याच्याकडे ही शैवालं नसतात, त्यामुळे त्याला खाऊनच जगावं लागतं.

असे दुहेरी जीव समुद्रात ठिकठिकाणी आहेत. मेसोडिनियम नावाचा जीव शैवालं खातो, पण त्यांची हरितलवकं, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे पेशीतले भाग, पचवत नाही, स्वतःसाठी वापरतो. डिनोफायसिस त्या मेसोडिनियमला शोषून तीच हरितलवकं पळवतो. चोरावर मोर! या डिनोफायसिसचं विष शिंपल्यांत साठतं, म्हणून स्पेनमधल्या गॅलिशियात शिंपल्यांची काढणी वारंवार थांबवावी लागते. त्याला प्रयोगशाळेत वाढवणं मात्र २००६ सालापर्यंत कुणाला जमलं नव्हतं. मेसोडिनियम खायला घातल्यावर ते जमलं.

[दृश्य: समुद्रावरचं संशोधन जहाज]

अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटमचा बहर यायचा. या शतकाच्या सुरुवातीपासून ती जागा हिरव्या नॉक्टिल्युकाने घेतली. का? २०१४ साली कोलंबिया विद्यापीठाच्या हेल्गा गोम्स, जोकिम गोज आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सहकाऱ्यांनी कारण मांडलं: वर पसरत चाललेलं कमी प्राणवायूचं पाणी. २०१८ साली भारतातल्या इतर शास्त्रज्ञांनी पुरेसा प्राणवायू असलेल्या पाण्यातही हे बहर नोंदवले. २०२० साली गोज आणि गोम्स यांनी हिमालयाकडे बोट दाखवलं. तिथलं बर्फ घटलं, त्यामुळे हिवाळी वारे पूर्वीइतके थंड आणि कोरडे राहिले नाहीत. समुद्राचा वरचा थर नीट गार होत नाही, पाणी खोलवर घुसळलं जात नाही, आणि खालची पोषकद्रव्यं वर पोचत नाहीत. डायटम उपाशी राहतात. शिकार करून पोट भरणाऱ्याला त्याची तेवढी झळ लागत नाही. मला हे स्पष्टीकरण जास्त पटतं, पण शास्त्रज्ञांमधला वाद अजून मिटलेला नाही.

डायटमना कोपेपॉड नावाचे इवलेसे प्राणी खातात, आणि कोपेपॉडना लहान मासे. नॉक्टिल्युकाला खाणारे फार थोडे, मुख्यतः जेलीसारखे पारदर्शक साल्प आणि जेलीफिश. म्हणजे पाणी तेवढंच हिरवं, पण माशांच्या वाट्याला त्यातलं फारसं काही येत नाही.

[दृश्य: बंदरावर जाळी आवरणारे मच्छीमार]

हैदराबादची इन्कॉइस संस्था मच्छीमारांना मासळी कुठे मिळू शकेल ते कळवते. हा सल्ला समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य यांच्या उपग्रह नोंदींवर उभा असतो. डिझेलचा खर्च पाहता तो मोलाचा आहे. म्हणूनच ते हरितद्रव्य कुणाचं, हे कळायला हवं. डायटमचा हिरवा आणि नॉक्टिल्युकाचा हिरवा उपग्रहातून वेगळा ओळखण्याच्या पद्धती भारतीय शास्त्रज्ञांनी तयार केल्या आहेत, पण पडताळा पाण्यातच घ्यावा लागतो. आणि तिथे एक जुनी सवय आड येते. नमुना टिकावा म्हणून बाटलीत आयोडिनचं द्रावण घालतात. पेशी तपकिरी होतात, हरितद्रव्याची चमक झाकली जाते. मग कोण नुसतं खातं आणि कोण उन्हावरही जगतं, हे कळायची सोयच उरत नाही.

नमुन्याचा एक भाग ताजाच, बोटीवरच पाहायला हवा. नायट्रेट-फॉस्फेट या पोषकद्रव्यांच्या आकड्यांशेजारी कोण कुणाला खातंय याचीही नोंद हवी, कारण फक्त खतांचं पाणी रोखून शिकाऱ्याचा बहर थांबेलच असं नाही. दोनापावलला समुद्रविज्ञान संस्था आहे, रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहे. सूक्ष्मदर्शक आहेत, शिकलेली मुलंमुली आहेत. ठरलेल्या जागी, दर महिन्याला, वर्षानुवर्षं हे काम चालवायला त्यांना पैसा आणि बोट द्या, आणि त्यांच्या नोंदी मच्छीमारांना जाणाऱ्या सल्ल्यात येऊ द्या.